रॅम विकत घेण्याआधी: ऑफिसातल्या सगळ्या पीसींची मेमरी कशी मोजायची

ऑफिसातला एखादा पीसी रखडायला लागला की सल्ला ठरलेलाच असतो: "रॅम वाढवून घ्या." कधी तो बरोबर निघतो, कधी पैसे जातात आणि पीसी होता तसाच रांगत राहतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले ते पाहता पंधरा मशीनना सरसकट एकेक स्टिक टाकणं आता परवडणारं नाही. खर्चाला मंजुरी देणारे साहेब पुरावा मागतात, आणि त्यांनी मागायलाच हवा. कोणत्या पीसीला रॅम खरंच कमी पडते, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या प्रोग्रॅमपायी, एवढं कागदावर आलं की खरेदीची यादी दहा मिनिटांत तयार होते. हे मोजायची सगळी सोय विंडोजमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही.

ज्यांच्या ऑफिसात दहा ते वीस पीसी आहेत, वेगळा सर्व्हर किंवा डोमेन नाही, सगळी मशीन्स एका वर्कग्रुपमध्ये स्विचला जोडलेली आहेत आणि "कॉम्प्युटरचं जरा बघा" ही जबाबदारी मूळ काम सांभाळून एकाच्या गळ्यात पडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून सीएंचं ऑफिस डोळ्यांसमोर धरू: टॅली, एक्सेलच्या जाड फायली, ब्राउझरमध्ये जीएसटी आणि आयकराची पोर्टल्स, चार-पाच पीडीएफ आणि मागे चालणारा अँटिव्हायरस.

आधी एकाच पीसीवर आकडे वाचायला शिका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात "परफॉर्मन्स" आणि मग "मेमरी" निवडा. इथे बहुतेकांची नजर पहिल्यांदा टक्केवारीवर जाते. ७५ टक्के वापर दिसला की छातीत धस्स होतं, पण त्या एका आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. विंडोज मोकळी रॅम नुसती पडू देत नाही. आधी उघडलेल्या फायली आणि प्रोग्रॅमचे तुकडे ते तिथे साठवून ठेवतं, म्हणजे पुन्हा लागले तर डिस्कवरून आणावे लागत नाहीत. दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की हा साठा लगेच सोडून दिला जातो. म्हणून पाहायचा आकडा "अव्हेलेबल". पूर्ण रिकामी आणि मागताक्षणी रिकामी होणारी, अशी दोन्ही मिळून किती रॅम हाताशी आहे ते तो सांगतो.

दुसरा आकडा "कमिटेड". तो जोडीने दिसतो, समजा ९.८ / ११.६ जीबी. पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून किती मेमरी देऊ केली आहे, दुसरा म्हणजे जास्तीत जास्त किती देता येईल. ही मर्यादा रॅम आणि डिस्कवरची पेजफाइल (रॅममध्ये न मावणारं विंडोज जिथे उतरवून ठेवतं ती फाइल) मिळून बनते. पहिला आकडा दुसऱ्याला टेकायला आला की प्रोग्रॅम आपोआप बंद पडू लागतात, एक्सेल सेव्ह करायला नकार देतं, ब्राउझरचे टॅब कोसळतात. पेजफाइल बंद केली की पीसी पळतो असा एक समज अजून टिकून आहे. तसं केल्याने ही मर्यादाच खाली येते. कुणी तसं करून ठेवलं असेल तर आधी ते पूर्ववत करा.

याच पानावर "स्लॉट्स यूज्ड" दिसतं. दोनपैकी एकच स्लॉट भरलेला असेल तर जुनी स्टिक न काढता दुसरी बसेल. हे लिहून ठेवा, दुकानात विचारतातच.

आता "सीपीयू"वर क्लिक करून "अप टाइम" पाहा. इथे बऱ्याच ऑफिसांत आश्चर्य वाटण्याजोगी गोष्ट दिसते. काम करणारी व्यक्ती सांगते की मी रोज संध्याकाळी पीसी बंद करून जाते, आणि अप टाइम मात्र तेवीस दिवस दाखवतो. दोन्ही खरं असतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, नेटवर्क अशा गोष्टी चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर झोपवले जातात आणि सकाळी तिथूनच उठवले जातात. एखादा ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत देत नसेल तर ती गळती रोज थोडी थोडी साचत जाते. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे मोजणी सुरू करण्याआधी सगळे पीसी एकदा रिस्टार्ट करा, नाहीतर महिन्याभराचा साचलेला गाळच मोजत बसाल.

सगळ्या पीसींपर्यंत पोचायची तयारी

पहिली गोष्ट माणसांची. कुणाच्या पीसीवर दुरून नजर ठेवली जाणार म्हटलं की ऑफिसात कुजबुज सुरू होते. आधीच सगळ्यांना स्वच्छ सांगा: रॅम किती शिल्लक राहते एवढंच मोजतोय, स्क्रीन दिसत नाही, फायली उघडल्या जात नाहीत, आणि ही मोजणी अमुक तारखेला बंद होणार. मी तर हे कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावावं असं म्हणेन. लोकांचा विश्वास असेल तर तेच नंतर येऊन सांगतात की काल चार वाजता माझं अडकलं होतं, आणि ती माहिती आलेखाइतकीच कामाची असते.

मग एक तक्ता करा: पीसीचं नाव, रॅम किती, कोणत्या पिढीची (डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५), स्लॉट किती रिकामे, डिस्क जुनी फिरती की एसएसडी, विंडोज ३२ बिटचं की ६४ बिटचं. ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरूच शकत नाही, तेव्हा तो पीसी मोजणीतून बाजूला काढा. त्याचा प्रश्न वेगळा आहे.

यानंतर प्रत्येक पीसीवर चार कामं करायची आहेत.

१. एकाच नावाचं आणि एकाच पासवर्डचं लोकल खातं सगळीकडे तयार करा, ज्या पीसीवरून तुम्ही पाहणार तिथेही. पासवर्ड कोरा ठेवू नका. छोट्या ऑफिसांत पासवर्डच नसलेले पीसी सर्रास असतात, आणि कोऱ्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. निम्मे लोक इथेच अडकतात.

२. "कॉम्प्युटर मॅनेजमेंट"मधल्या "लोकल यूजर्स अँड ग्रुप्स"मध्ये जाऊन हे खातं "परफॉर्मन्स मॉनिटर यूजर्स" आणि "इव्हेंट लॉग रीडर्स" या दोन गटांत घाला. ज्या पीसीवरून तुम्ही पाहणार तिथे ते "परफॉर्मन्स लॉग यूजर्स" गटातही घाला, नाहीतर पुढे नोंदीचा संच तयार करता येणार नाही. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करायची गरज नाही, आणि करूही नये. विंडोजच्या होम आवृत्तीत ही खिडकी नसते. तिथे कमांड प्रॉम्प्टमधून "नेट लोकलग्रुप" ही कमांड वापरावी लागते.

३. "सर्व्हिसेस"मध्ये "रिमोट रजिस्ट्री" शोधा. ती मुळात बंद केलेली असते. तिचा प्रकार "ऑटोमॅटिक" करून ती सुरू करा.

४. नेटवर्कचा प्रकार "प्रायव्हेट" आहे ना ते पाहा, आणि फायरवॉलमध्ये फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग" आणि "रिमोट इव्हेंट लॉग मॅनेजमेंट" यांना परवानगी द्या.

रिमोट रजिस्ट्री मुळात बंद असते त्याला कारण आहे: तो एक जादा दरवाजा आहे. मोजणी संपली की ती पुन्हा बंद करा. घरी, हॉटेलात किंवा क्लायंटकडे जाणाऱ्या लॅपटॉपवर ती सुरूच करू नका. त्यांचे आकडे टास्क मॅनेजरमधून हाताने टिपले तरी चालतील.

परफॉर्मन्स मॉनिटर

पाहणीच्या पीसीवर त्याच नव्या खात्याने लॉगिन करा. स्टार्टमध्ये "परफॉर्मन्स मॉनिटर" शोधून उघडा. डाव्या बाजूला त्याच नावाच्या ओळीवर क्लिक केलं की एक सरकता आलेख दिसेल. वरचं हिरवं अधिक चिन्ह दाबा. उघडलेल्या खिडकीत सगळ्यात वर "सिलेक्ट काउंटर्स फ्रॉम कॉम्प्युटर" अशी चौकट आहे. तिथे दोन बॅकस्लॅश आणि त्यापुढे दुसऱ्या पीसीचं नाव टाइप करून एंटर दाबा. काही सेकंद काहीच हलणार नाही, थांबा. मग खाली त्या पीसीचे काउंटर, म्हणजे विंडोज सतत मोजत असलेले आकडे, दिसू लागतील. त्यातला "मेमरी" गट उघडून हे चार निवडा:

"अव्हेलेबल एमबाइट्स", "पर्सेंट कमिटेड बाइट्स इन यूज", "पेज रीड्स पर सेकंद" आणि "पूल नॉनपेज्ड बाइट्स".

पहिल्या दोघांची ओळख झाली आहे. तिसरा सांगतो की रॅममध्ये न सापडलेली गोष्ट आणायला दर सेकंदाला किती वेळा डिस्क वाचावी लागली. नुसता तो चढला म्हणून घाबरायचं नाही, कारण एखादा प्रोग्रॅम उघडतानाही तो क्षणभर उसळतो. शिल्लक रॅम तळाला आणि त्याच वेळी हा आकडा सतत वर, अशी जोडी दिसली तरच ती रॅमची ओढाताण. जुनी फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक इतस्ततः पसरलेली वाचनं करू शकते. त्यातली साठ-सत्तर जर याच कामात जात असतील तर टॅलीची फाइल उघडायला डिस्कला सवड उरणार कुठून? चौथा काउंटर ड्रायव्हरच्या गळतीसाठी आहे. तो काहीशे एमबीच्या आसपास राहायला हवा. दिवसागणिक चढत जाऊन एक-दोन जीबीवर पोचला तर दोष कुठल्यातरी ड्रायव्हरचा, आणि रॅम कितीही टाकली तरी तो ती खाणार.

पीसी जोडलाच गेला नाही तर या क्रमाने तपासा. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि पीसीचं नाव टाका. काहीच सापडलं नाही तर गडबड नावात, केबलमध्ये किंवा फायरवॉलमध्ये आहे. पासवर्ड मागितला तर खातं जुळत नाही. नीट उघडलं, आणि परफॉर्मन्स मॉनिटर मात्र नकार देतोय, तर रिमोट रजिस्ट्री सुरू नाही किंवा खातं गटात घालायचं राहिलं.

सगळे पीसी जोडून झाले की आलेखात रेघांचा नुसता गुंता दिसतो. कंट्रोल आणि जी दोनदा दाबा, आलेखाच्या जागी आकड्यांचा तक्ता येईल, पीसीवार मांडलेला. सकाळी साडेअकराला, सगळे कामाला लागलेले असताना हा तक्ता एकदा पाहिला तरी ऑफिसची अर्धी कल्पना येते.

नोंद ठेवा, आणि योग्य दिवसांची ठेवा

एका क्षणाच्या आकड्यावर खरेदी करायची नाही. डाव्या बाजूच्या "परफॉर्मन्स मॉनिटर"वर उजवं क्लिक करून "न्यू" आणि मग "डेटा कलेक्टर सेट" निवडा. तुम्ही जोडलेले सगळे काउंटर त्यात आपोआप येतील. शेवटच्या पानावर "रन ॲज" आहे, तिथे "चेंज" दाबून तुमचं तेच खातं आणि पासवर्ड द्या. हे राहून गेलं तर नोंद विंडोजच्या अंतर्गत खात्याने होते, त्याला इतर पीसींवर प्रवेश नसतो, आणि दिवसभरानंतर फाइल उघडावी तर बाकीच्यांचे रकाने रिकामे.

तयार झालेला संच "यूजर डिफाइन्ड"खाली दिसेल. त्यातल्या नोंदीच्या "प्रॉपर्टीज"मध्ये जाऊन "सॅम्पल इंटरव्हल" ६० सेकंद करा आणि "लॉग फॉरमॅट" "कॉमा सेपरेटेड" ठेवा. मिनिटाला एक नोंद पुरते. त्याहून दाट नोंदी घेतल्या तर फाइल फुगते आणि हाती वेगळं काही लागत नाही. सगळे पीसी चालू झाल्यावरच संच सुरू करा. पाहणीचा पीसी रिस्टार्ट झाला तर संच आपणहून पुन्हा सुरू होत नाही, त्यासाठी वेळापत्रक लावा किंवा रोज सकाळी हाताने सुरू करा.

दिवस कोणते? सीएंच्या ऑफिसात महिन्याचा पहिला आठवडा मोजून काही उपयोग नाही. मासिक जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला असते. खरा भार १० ते ११ आणि १८ ते २० या दिवसांत येतो: एकीकडे टॅली, दुसरीकडे दोन वर्कबुकांत ताळमेळ, आणि पोर्टलचे सात-आठ टॅब. मोजणीत हे दिवस आलेच पाहिजेत, आणि तुलनेसाठी एखादा निवांत दिवसही घ्या. पतसंस्था असेल तर तिचे दिवस वेगळे, शाळेचं कार्यालय असेल तर प्रवेशाचे. आपल्या ऑफिसचं कॅलेंडर तुम्हीच जाणता.

फाइल एक्सेलमध्ये उघडा. पहिल्या ओळीत काही रकाने कोरे दिसतील, ते साहजिक आहे. सेकंदाच्या हिशेबाचे काउंटर दोन नोंदी झाल्याशिवाय काढता येत नाहीत. आता प्रत्येक पीसीच्या "अव्हेलेबल" रकान्याखाली "काउंटइफ" लावा आणि मर्यादेच्या खाली किती नोंदी गेल्या ते मोजा. मी एकूण रॅमचा दहावा भाग ही मर्यादा धरतो, म्हणजे ८ जीबीच्या पीसीसाठी ८०० एमबी. नोंद मिनिटाला एक असल्याने आलेला आकडा म्हणजे थेट मिनिटं. "या पीसीची २० तारखेला शिल्लक रॅम दोन तास तळाला होती" असं वाक्य साहेबांपुढे ठेवता येतं, आणि टक्केवारीच्या आलेखापेक्षा ते कुणालाही चटकन कळतं.

आकडे काय सांगतात

दिवसाचा बराच वेळ शिल्लक मर्यादेखाली, डिस्कवाचन वर आणि कमिटेड नव्वदीकडे, असं असेल तर त्या पीसीला रॅम द्या, खळखळ करू नका. स्लॉट, पिढी आणि आकार मात्र आधी जुळवा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, लॅपटॉपची स्टिक डेस्कटॉपहून आखूड असते, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते.

ठरावीक वेळीच खड्डा पडत असेल तर त्या वेळी त्या टेबलाशी जा. टास्क मॅनेजरच्या "डिटेल्स"मध्ये "मेमरी, प्रायव्हेट वर्किंग सेट" या रकान्याने क्रम लावा. ब्राउझर प्रत्येक टॅबला बहुधा वेगळी प्रोसेस देतो, त्यामुळे एकाच नावाच्या वीस ओळी दिसतील. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती खातो ते कळतं. क्रोममधला मेमरी सेव्हर चालू करणं आणि न लागणारी एक्स्टेन्शन्स काढणं यावर बऱ्याचदा काम भागतं.

शिल्लक भरपूर असूनही एक्सेल "मेमरी पुरत नाही" म्हणत असेल तर एक्सेलच्या "अकाउंट"मध्ये "अबाउट" उघडून ते ३२ बिटचं आहे का पाहा. तसं असेल तर त्याला जास्तीत जास्त ४ जीबीचीच जागा मिळते, पीसीत ३२ जीबी असली तरी. ६४ बिटचं ऑफिस टाकण्याआधी जुने ॲड-इन तपासून घ्या, टॅलीशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हरही त्याच बिटचा लागतो. आणि ती फाइलही एकदा बघा. कंट्रोल आणि एंड दाबल्यावर कर्सर शेवटच्या नोंदीच्या कितीतरी खाली, लाखाव्या ओळीवर उडी मारत असेल तर रिकाम्या ओळींचं रंगकाम आणि चौकटी फाइल फुगवत आहेत. त्या ओळी निवडून काढून टाका आणि सेव्ह करा.

शिल्लक रॅम रोज थोडी थोडी घटत जात असेल, आणि रिस्टार्टनंतर ठणठणीत होत असेल, तर गळती आहे. चौथा काउंटर पाहा, प्रिंटर, नेटवर्क आणि अँटिव्हायरसचे ड्रायव्हर अद्ययावत करा, आणि तोवर "पॉवर ऑप्शन्स"मधून फास्ट स्टार्टअप बंद ठेवा.

आणि सगळे आकडे ठीक असून पीसी तरीही रांगत असेल तर दोष रॅमचा नाही. तक्त्यात डिस्कचा रकाना बघा. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर ८ जीबीचा जुना पीसीही बहुतेक वेळा कामाला लागतो.

एक पुरावा विंडोज स्वतःहून लिहून ठेवतं आणि तो फारसा कुणी वाचत नाही. "इव्हेंट व्ह्यूअर" उघडा, वरच्या ओळीवर उजवं क्लिक करून "कनेक्ट टू अनदर कॉम्प्युटर" निवडा, आणि "सिस्टम" लॉगमध्ये २००४ या क्रमांकाची नोंद शोधा. तिचा स्रोत "रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर" असतो. मेमरी संपत आल्याचं लक्षात आलं की विंडोज ही नोंद करतं आणि त्या क्षणी सर्वांत जास्त मेमरी घेतलेल्या तीन प्रोग्रॅमची नावंही बाइट्ससकट लिहून ठेवतं. तुमची मोजणी सुरू होण्याआधीच्या तारखाही तिथे मिळतात.

पीसी वाढले, किंवा कायमची नजर हवी असेल तर

वीसच्या पुढे हे हाताने सांभाळणं जिकिरीचं होतं. मग झॅबिक्स लावा. २००१ पासून चालत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, परवान्याचा खर्च नाही. त्याचा सर्व्हर लिनक्सवर चालतो, आणि एवढ्या पीसींसाठी कोपऱ्यात पडलेलं जुनं मशीनही पुरतं. प्रत्येक विंडोज पीसीवर छोटा एजंट टाकायचा, फायरवॉलमध्ये १००५० हा पोर्ट फक्त सर्व्हरच्या पत्त्यासाठी उघडायचा, आणि विंडोजसाठीचा तयार टेम्पलेट जोडायचा. रिमोट रजिस्ट्री उघडी ठेवायची गरज उरत नाही, हा मोठा फायदा. टेम्पलेटमध्ये मेमरीचा वापर पाच मिनिटं सतत ९० टक्क्यांवर राहिला की इशारा, असं आधीच ठरवलेलं असतं. ४ जीबीच्या पीसीवर तो दिवसभर वाजत राहील आणि लोक त्याकडे बघणं सोडतील. अशा पीसीपुरता मॅक्रो (टेम्पलेटमधला हा मर्यादेचा आकडा) बदलून मर्यादा ९५ करा, आणि ३२ जीबीवाल्यांना ९० वरच राहू द्या.